डॉक्टर एक सांगतात, रुग्ण दुसरेच म्हणतो : वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीतील मतभेदाचा प्रसंग कसा हाताळावा

आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासारखा एखादा अपवाद सोडला, तर मुलाखतीचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे मुंबईतून बारावी करून ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज करणारा विद्यार्थी जीवशास्त्रात कितीही पक्का असला, तरी ‘समोर बसलेल्या बाईंनी डॉक्टरांचा सल्ला नाकारला आहे, त्यांच्याशी बोला’ अशी चिठ्ठी हातात आली की गांगरतो. या प्रश्नाला पाठ करता येण्याजोगे उत्तर नसते आणि आपल्या शाळा-क्लासच्या वातावरणात अशा प्रश्नाची सवय कोणी लावलेली नसते.

हे प्रसंग बहुतेक वेळा ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’, म्हणजे एमएमआय या पद्धतीत विचारले जातात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत विकसित झाली आणि २००४ साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. एका लांबलचक मुलाखतीऐवजी उमेदवार एकामागून एक छोट्या टप्प्यांतून जातो. त्यांना ‘स्टेशन’ म्हणतात. प्रत्येक स्टेशनला वेगळा परीक्षक असतो, बाहेर चिठ्ठी वाचायला एक-दोन मिनिटे मिळतात आणि आत साधारण पाच ते दहा मिनिटे. ब्रिटनमधील मुलाखती बहुधा डिसेंबर ते मार्चदरम्यान होतात. परदेशी उमेदवारांची मुलाखत अनेक महाविद्यालये व्हिडिओवर घेतात, म्हणजे ती दादर किंवा मुलुंडच्या घरातल्या टेबलावरूनही द्यावी लागू शकते.

या स्टेशनवर डॉक्टर बरोबर की रुग्ण बरोबर, याचा निवाडा परीक्षकाला नको असतो. रुग्णाचा नकार नेमका कशाला आहे हे शोधण्याइतका धीर तुमच्याकडे आहे का, आणि शोधल्यावर कुठे थांबायचे हे तुम्हाला कळते का, हे त्याला पाहायचे असते. पुढे दिलेल्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

चिठ्ठी वाचताना

सर्वांत आधी पाहा, या प्रसंगात तुम्ही कोण आहात. अनेक चिठ्ठ्यांमध्ये तुम्ही डॉक्टर नसताच. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, रुग्णालयातील स्वयंसेवक किंवा शेजारी असता. विद्यार्थी असूनही ‘मी तुमचा डोस बदलतो’ असे म्हणणारा उमेदवार आपली मर्यादा ओळखत नाही, अशी नोंद पहिल्याच मिनिटात होते. त्यानंतर क्रियापद पाहा. ‘बोला’, ‘समजावून सांगा’ आणि ‘तुम्ही काय कराल ते परीक्षकाला सांगा’ ही तीन वेगळी कामे आहेत. पहिल्या दोहोंत समोर रुग्णाची भूमिका करणारा नट असतो आणि त्याच्याशी संवाद साधायचा असतो. तिसऱ्यात परीक्षकासमोर विचार मोठ्याने मांडायचा असतो. विचार मांडायला सांगितले असताना नाट्य करणे किंवा नटासमोर नीतिशास्त्रावर व्याख्यान देणे, हे दोन्ही घोळ नेहमी होतात. ‘पटवून द्या’ असे चिठ्ठीत क्वचितच लिहिलेले असते, तरी बहुतेक विद्यार्थी तसेच वाचून आत जातात.

नकार कशाला आहे, ते शोधा

इथे एक प्रसंग जवळून पाहू. चिठ्ठी अशी आहे : छप्पन्न वर्षांच्या एका काकूंना मधुमेह आहे, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन चालू आहे. घटस्थापना आठवड्यावर आली आहे. डॉक्टरांनी उपवास करायचा नाही असे स्पष्ट सांगितले आहे आणि काकूंनी ‘उपवास करणारच’ असे तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. तुम्ही वैद्यकीय विद्यार्थी आहात. डॉक्टर यायला थोडा वेळ आहे, तोवर त्यांच्याशी बोला.

सामान्य उमेदवार आत येऊन साखर कमी झाल्यावर काय होते ते सांगू लागतो. काकू मान हलवतात, परीक्षकही मान हलवतो, आणि वेळ संपते तेव्हा काकूंचा उपवास जसाच्या तसा असतो. दुसरा उमेदवार श्रद्धेचा आदर म्हणून लगेच माघार घेतो. तो नम्र वाटतो, पण त्यानेही काही शोधलेले नसते. आता तिसरा उमेदवार पाहा.

‘काकू, डॉक्टर येईपर्यंत मी तुमच्याशी बोलू का? उपवासाबद्दल तुमचे आणि त्यांचे वेगळे मत पडले, असे मला कळले. तुमच्याकडे नवरात्र कसे असते, ते सांगाल का?’

‘आमच्याकडे सासूबाईंच्या आधीपासून घट बसतात, बाळा. एकही वर्ष चुकलेले नाही.’

‘आणि त्या नऊ दिवसांत दिवसभरात काय काय घेता?’

‘सकाळी नुसता चहा. दुपारी साबुदाण्याची खिचडी, तीही थोडीशीच. रात्री राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. आणि पोटात अन्न नाही म्हणून ते इंजेक्शन मी त्या दिवसांत टोचतच नाही.’

डॉक्टर उपवासावर अडून बसले होते, पण खरा धोका शेवटच्या वाक्यात होता. काकू उपवासात इन्सुलिन पूर्ण बंद करतात, वर साबुदाणा खातात, म्हणजे साखर घसरण्यापेक्षा ती बेसुमार चढण्याचीच भीती अधिक आहे. आणि हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलेले नाही, कारण डॉक्टरांनी ‘उपवास बंद’ म्हटल्यावर सांगण्यासारखे काही उरलेच नाही. हे वाक्य माहितीच्या प्रश्नातून नव्हे, तर कुतूहलाच्या प्रश्नातून बाहेर आले. नटाला अशी एखादी गोष्ट राखून ठेवायला सांगितलेले असते, आणि योग्य प्रश्न आल्याशिवाय तो ती देत नाही.

यापुढे उमेदवाराने लगेच उपदेशाकडे वळू नये. ‘हे तुम्ही मला सांगितलेत ते बरे झाले. इंजेक्शन बंद केल्यावर इतकी वर्षे कसे वाटायचे?’ असा एक प्रश्न आणखी विचारावा. मग स्वतःची मर्यादा सांगून पर्याय उघडावेत : डोस कसा बदलायचा हे डॉक्टरच ठरवतील, पण इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण थांबवणे घातक ठरू शकते, नऊ दिवसांऐवजी उठता-बसता, म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, उपवास घरात चालेल का, साबुदाण्याऐवजी भगर, ताक, शेंगदाणे असे काही थोड्या-थोड्या अंतराने घेता येईल का, घाम सुटला, हात थरथरले किंवा ग्लुकोमीटरवर साखर सत्तरच्या खाली दिसली, तर त्या क्षणी साखर तोंडात घालायची हे देवीला चालेल का. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम त्याच शब्दांत ठेवला आहे. त्याचे उत्तर काकूंनी स्वतः दिले, तर ते डॉक्टरांनी दिलेल्या हुकमापेक्षा अधिक टिकते. लंडनमधल्या मुलाखतीत हाच प्रसंग रमजानच्या रोज्याबद्दल येऊ शकतो. तिथे सहरी आणि इफ्तारच्या वेळा विचाराव्या लागतील, पण चौकशीची रीत तीच राहील.

एरवीच्या प्रसंगांत नकारामागे काय असू शकते, याचा अंदाज मुंबईत राहणाऱ्याला खरे तर चांगला असायला हवा. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे आपण पाहतो. महापालिकेच्या रुग्णालयात केस पेपरच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाचा दिवसाचा रोज बुडालेला असतो. ‘मला ऑपरेशन नको’ या वाक्यामागे भूल देण्याची धास्ती असेल, खर्च असेल, गावच्या ओळखीतल्या कोणाचा वाईट अनुभव असेल, किंवा घरी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला कोण पाहणार ही साधी विवंचना असेल. यातल्या प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे आणि ‘ऑपरेशन सुरक्षित असते’ हे यांपैकी फक्त एकाचे उत्तर आहे.

निर्णय घेण्याची क्षमता आहे का

चौकशीनंतरची पायरी म्हणजे रुग्ण हा निर्णय घेण्यास सक्षम आहे का, हे पाहणे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्याने यासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत : दिलेली माहिती समजणे, ती पुरेसा वेळ लक्षात ठेवणे, तिचा तोल साधून विचार करणे आणि निर्णय कोणत्याही मार्गाने कळवणे. प्रौढ माणूस सक्षम आहे असेच गृहीत धरून सुरुवात करायची असते, आणि केवळ निर्णय शहाणपणाचा वाटत नाही म्हणून माणूस अक्षम ठरत नाही, असे त्याच कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य परीक्षकासमोर नेमके वापरता आले, तर पुष्कळ काम होते. कारण ‘एवढे समजावूनही ऐकत नाहीत म्हणजे त्यांना कळत नाही’ असा तर्क विद्यार्थी नकळत करतात.

वयाचा मुद्दा थोडक्यात असा. भारतात उपचाराच्या संमतीसाठी साधारणपणे अठरा वर्षे धरली जातात. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षापासून संमती देता येते. त्याहून लहान मुलाला पुरेशी समज असेल तर तेही संमती देऊ शकते, हे १९८५ च्या गिलिक निकालाने ठरले. मात्र प्राण वाचवणाऱ्या उपचाराला अल्पवयीन रुग्णाने किंवा त्याच्या पालकांनी दिलेला नकार न्यायालय बाजूला ठेवू शकते. पालक रक्त चढवायला नकार देत आहेत आणि मूल अत्यवस्थ आहे, असा प्रसंग आला तर वरिष्ठ डॉक्टर, रुग्णालयाचा कायदेविषयक विभाग आणि न्यायालय हा क्रम सांगावा. न्यायालयात जाण्याइतका वेळच नसेल, तर मुलाच्या हितासाठी तातडीचा उपचार करतात.

पुरेशी माहिती म्हणजे किती

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या माँटगोमेरी निकालात म्हटले, की त्या विशिष्ट रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो त्याला सांगितलाच पाहिजे. इतर डॉक्टर काय सांगतात यावर ते अवलंबून नाही. याचा मुलाखतीतला उपयोग असा, की माहिती देण्यापूर्वी या माणसाला काय महत्त्वाचे आहे ते विचारावे लागते. तबला वाजवणाऱ्याला बोटांच्या बधिरपणाची शक्यता शंभरात एक असली तरी सांगायला हवी. पर्यायांमध्ये ‘काहीच न करणे’ हाही एक पर्याय असतो आणि त्याचे परिणाम तितक्याच शांतपणे सांगायचे असतात. भीती घालून मिळवलेला होकार हा परीक्षकाच्या लेखी होकार नसतो.

नकार आणि मागणी एकच नव्हेत

मतभेदाचे अर्धे प्रसंग उलट्या दिशेने येतात. रुग्ण उपचार नाकारत नाही, मागतो. सर्दी-तापाच्या मुलाला घेऊन आलेली आई म्हणते, ‘गोळ्यांनी काही होत नाही, अँटिबायोटिकची सुई द्या.’ अशक्तपणा वाटतो म्हणून कोणी ‘एक सलाईन लावा’ असा आग्रह धरतो. इथे स्वायत्ततेचे, म्हणजे स्वतःच्या उपचाराचा निर्णय रुग्णानेच घेण्याचे, तत्त्व सरसकट लावणारा उमेदवार अडकतो. सक्षम प्रौढाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे, पण डॉक्टरला अयोग्य वाटणारा उपचार मिळवण्याचा हक्क त्याला त्यातून मिळत नाही. विषाणूजन्य तापात प्रतिजैविकाचा उपयोग नाही. उलट त्याचे दुष्परिणाम होतात आणि जंतूंची प्रतिकारशक्ती वाढते, जिची किंमत इतर रुग्णही मोजतात. तरीही ‘नाही’ एवढ्यावर थांबू नये. आईला नेमकी कशाची भीती आहे, शेजारच्या मुलाला न्यूमोनिया झाला होता का, हे विचारावे. काय दिसले तर त्याच दिवशी परत यायचे, ते ठळकपणे सांगावे.

काही मागण्यांवर चर्चेला जागाच नसते. गर्भलिंगनिदानाची मागणी ही त्यांतली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम यावर कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. इथे नकार स्पष्ट द्यावा, पण समोरच्या स्त्रीवर घरचा दबाव आहे का हे एकांतात विचारायला विसरू नये.

‘आईला सांगू नका’

मुंबईतल्या विद्यार्थ्यांना सर्वांत कठीण जाणारा प्रसंग हाच, असे माझे मत आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरात तो घडून गेलेला असतो. मुलगा दाराबाहेर गाठून म्हणतो, ‘डॉक्टर, रिपोर्ट मला सांगा, आईला कॅन्सर हा शब्द कळता कामा नये, ती खचेल.’ परदेशी पुस्तके वाचून आलेला उमेदवार ‘रुग्णाची माहिती गोपनीय असते’ असे म्हणून मुलाला परतवतो. घरच्या संस्काराने विचार करणारा उमेदवार मुलाचे ऐकतो. दोघेही मुलाशी नीट बोललेले नसतात.

मुलगा वैरी नाही. तो घाबरलेला आहे. त्याला बसवावे. ‘आईंनी याआधी वाईट बातमी कशी घेतली आहे? तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते?’ असे विचारावे. मग सांगावे, की आईला न विचारता तिच्याबद्दलची माहिती मी तुम्हाला देऊ शकत नाही, तिच्यावर न मागितलेली माहिती लादणारही नाही, पण तिने थेट विचारले तर खोटे बोलणार नाही. त्यानंतर आईलाच विचारायचे : ‘काकू, तपासण्यांबद्दल सगळे तुम्हाला सविस्तर सांगू, की मुलाला सांगितलेले तुम्हाला बरे वाटेल?’ काही रुग्ण मनापासून ‘मुलालाच सांगा’ म्हणतात आणि तोही त्यांचाच निर्णय असतो. कुटुंबाने मिळून निर्णय घेण्याची आपली रीत स्वायत्ततेच्या आड येत नाही. ती रीत रुग्णाने निवडलेली असली म्हणजे झाले.

याला कायद्याचा आधारही आहे. २००८ च्या एका निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण होते, की केवळ निदानासाठी भूल दिलेल्या प्रौढ स्त्रीची गर्भपिशवी आणि अंडाशय, ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले. जिवाला तात्काळ धोका नसताना, शुद्धीवर आल्यावर रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत होती, म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल तेव्हा त्याच्या वतीने कोण बोलणार, हा पुढचा प्रश्न केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यासंबंधीच्या २०११ च्या निकालात आला, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. मुंबईच्या उमेदवाराला हे माहीत असावे, पण परीक्षकाने विषय काढल्याशिवाय निकालांची यादी वाचू नये.

नकार कायम राहिला तर

सगळे विचारून, सांगून झाल्यावरही सक्षम रुग्ण ‘नाही’ म्हणत असेल, तर त्याचा मान राखायचा. आपल्या रुग्णालयांत याला ‘डामा घेतला’ म्हणतात : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जात असल्याच्या कागदावर सही होते आणि बहुधा तिथेच संबंध संपतो. मुलाखतीत तो तिथे संपवू नका. समजलेले धोके रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितले का, वरिष्ठांना कळवले का, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याची वाट दाखवली का, दुय्यम पण रुग्णाला मान्य असा उपचार देता येतो का, सगळ्याची नोंद केली का, आणि मत बदलले तर केव्हाही परत या हे सांगितले का, एवढे बोलावे. पायाला गँगरीन झालेले आजोबा पाय कापायला नाही म्हणतात, म्हणून त्यांची वेदनाशामके आणि ड्रेसिंग बंद होत नाही.

इतरांना धोका असेल तेव्हा चित्र बदलते. क्षयाचा रुग्ण दोन महिन्यांनी औषध सोडतो आणि चाळीतल्या एका खोलीत पाच माणसांसह राहतो. भारतात २०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक आहे आणि घरातल्यांची तपासणी करावी लागते. पण नोंद कळवणे म्हणजे गोळी जबरदस्तीने भरवणे नव्हे. गोळ्यांनी मळमळ होते का, कामावर कळेल ही भीती आहे का, हे विचारणे इथेही आधी येते.

परीक्षक मध्येच प्रसंग बदलतो

‘आता समजा समोरच्या बाई गरोदर आहेत’, ‘समजा त्या दारू पिऊन आल्या आहेत’ अशी भर परीक्षक घालतो. क्षणभर थांबायला हरकत नाही. नव्या माहितीने मत बदलत असेल तर कोणत्या कारणाने ते सांगून बदलावे. बदलत नसेल तर तसे सांगावे. स्वायत्तता, रुग्णहित, अपाय टाळणे आणि न्याय ही चार तत्त्वे तोंडपाठ म्हणून दाखवणारे उमेदवार परीक्षकाला दिवसभर भेटतात. त्यापेक्षा ‘इथे रुग्णाची इच्छा आणि रुग्णाचे हित वेगळ्या दिशांना ओढत आहेत’ एवढे एक वाक्य त्या प्रसंगाला धरून म्हणणे पुरे.

सराव कसा करावा

मुलाखत इंग्रजीत होणार असली तरी पहिला सराव मराठीतच करावा, असा माझा आग्रह असतो. इंग्रजीत ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड’ हे शब्द विचार न करता तोंडून निघतात. मराठीत तसे खोटे बोलायला जीभ वळत नाही आणि माणूस आपोआप प्रश्न विचारू लागतो. शेजारच्या एखाद्या काकूंना रुग्णाची भूमिका द्यावी आणि उमेदवाराला न कळू देता एक गोष्ट राखून ठेवायला सांगावे. नंतर त्यांना ‘मी कसा बोललो’ असे विचारू नये. ‘कोणत्या क्षणी तुम्हाला ती गोष्ट सांगावीशी वाटली’ असे विचारावे. रेकॉर्डिंग करून आपण सलग किती वेळ बोलतो ते मोजावे. समोरच्यापेक्षा आपलेच बोलणे अधिक भरत असेल, तर आधी तेच कमी करावे. हाच प्रसंग मग इंग्रजीत करावा.

व्हिडिओवर मुलाखत असेल तर नजर पडद्यावरच्या चेहऱ्याऐवजी कॅमेऱ्याकडे ठेवण्याचा सराव लागतो, आणि आवाज थोडा उशिरा पोहोचतो म्हणून समोरच्याचे वाक्य संपल्यावर एक श्वास थांबावे. हिवाळ्यात ब्रिटनची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते; तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, तेव्हा घरातल्या टीव्हीची, कुकरच्या शिट्ट्यांची आणि खालच्या वाहतुकीची व्यवस्था आधीच लावावी. एखादे स्टेशन बिघडले असे वाटले तरी पुढच्या खोलीतल्या परीक्षकाला त्याची गंधवार्ता नसते, म्हणून दरम्यानच्या त्या दोन मिनिटांत मागचे उगाळत न बसता नवी चिठ्ठी दोनदा वाचावी.